काठावरचा तिसरा जोड

शाळेत विज्ञान शिकवते मी. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की माझ्या कपाळाला आठ्या पडतात... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण घडलंय खरं.

वाशीमला लागून मोठा तलाव आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या भावाने – आम्ही त्याला भाऊच म्हणतो – तिथे शिडाची छोटी होडी ठेवलीय. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं हौस म्हणून फिरतो. त्याचा एक हट्ट – चपला काठावर काढायच्या आणि परतल्यावर मोजायच्या. काठावर जितके जोड, तितकी माणसं पाण्यात. यावरून मी त्याला भरपूर चिडवायचे.

मागच्या फेब्रुवारीत, एका रविवारी नऊच्या सुमारास परतलो, तर आमच्या दोन जोडांशेजारी तिसरा! काळी रबरी चप्पल, डावा तुटका पट्टा निळ्या वायरने बांधलेला. भाऊने उचलून पाहिली, पुन्हा तिथेच ठेवली.

“कोनाची हाये वं ही?”

“असंन कोनाची. इसरला असंन.”

“चप्पल इसरून कोनी अनवानी घरी जाते काय? पान्यात मानूस हाये. बस लवकर!”

मी वैतागूनच बसले. तलाव पालथा घातला. शेवटी पलीकडच्या काठाजवळ, पाण्यात उभ्या वाळक्या बाभळींमध्ये काहीतरी हललं... माणूस! मासे धरायचं जाळं पायांना गुंडाळलेलं, पाणी नाकाशी, ओरडायचंही त्राण नाही. भाऊने जाळं कापलं, मी बगलेत हात घालून त्याला ओढलं.

त्या पलीकडच्या काठावरच त्याला टेकवलं. तिथे त्याची मोटरसायकल उभी होती. शेजारी काळी रबरी चप्पल. डाव्या पट्ट्याला निळी वायर.

मी वाकून ती वायर बोटाने चाचपली.

“तुमी तिकून उतरले होते काय पान्यात?” भाऊने विचारलं.

“नाई जी, इथूनच. तिकडं तर मी कदी गेलोच नाई.” मग तो रडायलाच लागला. “बुडता बुडता एकच मनात आलं जी... माह्या चपला इकडं, इकडं कोनी फिरकत नाई. मी बुडून राह्यलो हे कोनाले समजन?”

तो सावरल्यावर आम्ही आमच्या काठावर परतलो. भाऊ सवयीने मोजायला लागला. “एक... दोन...” आणि थांबला. तिसरा जोड तिथे नव्हताच.

कुणी चेष्टा केली असेल, असं मनाला समजावून पाहिलं. नाही पटत. फक्त आता भाऊच्या आधी मीच चपला मोजते.