ताटातलं नाव

आमच्या लग्नात नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सासूबाई फणकारल्या, "आगं बया, हे कुटनं काढलं? भटजींनी तर दुसरंच अक्षर सांगितलं व्हतं!" तो मान खाली घालून म्हणाला, "ल्हानपणापास्नं मनात व्हतं." बायका खिदळल्या. मला मेलीला वाटलं, काय नशीब काढलं मी! माझ्यासाठी यानं इतकी वर्षं नाव जपून ठेवलं.

पवनानगरजवळ आमचं घर होतं आणि तो देहूरोडला डेपोत कामाला जायचा. संध्याकाळी घरी आला की मला पुढ्यात बसवून माझी वेणी घालायचा. जावा हसायच्या, हसोत बापड्या. तसे चापूनचोपून घातलेले पेड मला पुन्हा कुणी घातले नाहीत. आजही केस विंचरताना त्या ओसरीवरच्या संध्याकाळी आठवतात आणि जीव कासावीस होतो. पण कधीकधी तो भिंतीकडं तोंड करून रडायचा. "अहो, काय झालं?" विचारलं की म्हणायचा, "काय न्हाई गं."

शेवटी आमची फारकत झाली. मी तळेगावात खोली घेतली आणि माहेरचं नाव परत लावलं. ब्लाउज शिवते, पण खोलीचं भाडं त्याच्या पोटगीतूनच भागतं. ती थांबली तर भावाच्या दारात जाऊन पडायचं, आणि माझ्या भावजयीला अख्खं मावळ ओळखून आहे.

मग गेल्या वर्षी कळलं, तो आता बाई झालाय. ऑपरेशन झालं, कागदपत्रं बदलली. मी आधी हसले, मग ढसाढसा रडले. भिंतीकडं तोंड करून रडायचं कारण आत्ता कळत होतं. पाठोपाठ वडगावच्या कोर्टाची नोटीस आली. भावानं वरवर चाळली आणि म्हणाला, "पोटगीच्या हुकमात बदल मागितलाय. बग! नवराच उरला न्हाई, तर पोटगी कोन देनार? हात वर करायचा ह्यो धंदा!" माझं डोकंच फिरलं. नोटीस मी वाचलीसुद्धा नाही. वकील कशाला, माझं तोंड काय कमी आहे?

तारखेला कोर्टात मागच्या बाकावर बसले. काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. शिपायानं पुकारा केला. ताटातलं नाव! इतक्या वर्षांची सवय, मी ताडकन उठले आणि "हजर!" म्हणाले.

पुढच्या बाकावरून निळ्या साडीतली एक बाईही उठली. तिनं वळून पाहिलं. डोळे तेच होते.

न्यायाधीशबाईंनी दोघींना पुढं बोलावून अर्ज समजावला. पोटगी आहे तशीच चालू ठेवावी, फक्त देणाऱ्याचं नाव बदलावं, म्हणजे उद्या कुणी खुसपट काढून पैसे अडवायला नको. "बाई झाल्यानं ही जबाबदारी संपत नाही," त्या म्हणाल्या. माझे सगळे शिव्याशाप वाया गेले. भावाला मात्र मनातल्या मनात चार हासडल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर ती कावरीबावरी होऊन उभी होती. "रागावलीस? तू त्ये नाव टाकलंस, म्हनून मी…"

तिची वेणी एका अंगाला वाकडी झाली होती. स्वतःच्या पाठीमागं कुणाचा हात नीट पोचतो? मी तिला बाकड्यावर बसवलं, वेणी सोडली आणि पेड घालायला घेतले. येणारे-जाणारे बघत होते, बघोत बापडे.

"मान हलवू नको," मी म्हटलं. "आणि नाव तुझंच होतं गं. माझ्याकडं नुसतं सांभाळायला दिलं होतंस."