एकटीचा वर्ग

उरणजवळच्या कोळीवाड्यातली ऋतिका सातवीत गेली, तेव्हा तिच्या शाळेत हुशार मुलांसाठी एक वेगळा वर्ग सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांची परीक्षा घेतली आणि त्यातून पाच जण निवडले. रोज शेवटचे दोन तास त्यांनी वाचनालयाच्या खोलीत बसायचं आणि तेजस्वी मॅडमनी त्यांना शिकवायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथे पाठांतर चालणार नाही. प्रत्येकाने आपला एक प्रश्न निवडायचा. उत्तर काय असेल याचा अंदाज आधी लिहून ठेवायचा, मग स्वतः तपासून बघायचं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, दुसऱ्याच्या कामात कच्चं काय आहे ते त्याच्या तोंडावर सांगायचं. आपलं कोणी सांगितलं की रागवायचं नाही."

ऋतिकाला हे फार आवडलं. आजवर वर्गात तिचं उत्तर सगळ्यांच्या आधी तयार असायचं आणि बाई म्हणायच्या, "तू थांब, बाकीच्यांना सांगू दे." थांबण्यातच तिचे तास जायचे. इथे तिला कोणी थांबवणार नव्हतं.

दिवाळीनंतर तिच्याच सातवीतल्या स्वप्निलने आपलं काम मांडलं. त्याच्या वडिलांचे ट्रेलर बंदरावर चालायचे. कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर का तुंबतात, हा त्याचा प्रश्न होता. रंगीत तक्ते होते, छापील पानं होती. बाकीची मुलं बघतच राहिली.

"रविवारी सकाळच्या गाड्या तू मोजल्यास?" ऋतिकाने विचारलं.

"हो. मीच."

"रविवारी सकाळी तर तू आमच्या वाड्याच्या मैदानावर मॅच खेळत होतास. सगळे रविवार."

स्वप्निलचे कान लाल झाले. मोजणी वडिलांच्या ऑफिसातल्या माणसाने केली होती, हे शेवटी त्याने कबूल केलं. मॅडमनी त्याला समजावलं, पुन्हा करायला सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो त्या वर्गात आला नाही. त्याच्या वडिलांनी मुख्याध्यापकांना येऊन सांगितलं, मुलाला शिष्यवृत्तीचा क्लास लावलाय, असल्या वर्गाने काय मार्क मिळणार आहेत? ते ऐकून आणखी दोघांच्या घरच्यांनी तसंच केलं. उरलेली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे गावच सोडून गेली.

नाताळच्या सुट्टीनंतर त्या खोलीत ऋतिका आणि मॅडम, दोघीच उरल्या.

"तुझं काही चुकलं नाही," मॅडम म्हणाल्या.

ऋतिकाने मान हलवली. चुकलं नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण मधल्या सुट्टीत सातवीच्या मुली तिला बघून बोलणं आवरतं घ्यायच्या. "हळू, ती चूक काढेल," असं एकदा तिच्या कानावर आलं. पूर्वी वाड्यातून शाळेत जाताना चारपाच जणी बरोबर असायच्या. आता त्या आधीच निघून जायच्या.

ती आपलं काम करत राहिली. आई, गोदू, अंगणापलीकडच्या वलांडीवर बोंबील सुकत घालायची. बांबूच्या त्या मांडवावर वरच्या ओळीतले बोंबील लवकर सुकतात की खालच्या, हा ऋतिकाचा प्रश्न होता. वर वारा जास्त, म्हणून वरचे, असा तिचा अंदाज होता. ती दोन्ही ओळींतले मासे तागडीत घालायची आणि उतरणारं वजन टिपून ठेवायची. तपासणी झाली, अंदाज बरोबर निघाला. मॅडमनी तिला हे काम सातवीच्या पुऱ्या वर्गापुढे मांडायला लावलं.

ती मन लावून बोलली. शेवटी म्हणाली, "कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. काही कच्चं वाटलं तर सांगा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. घंटा झाली. दप्तरं उचलून सगळे बाहेर पळाले.

फळ्यापुढे उभ्या असलेल्या ऋतिकाला वाटलं, त्यांनी हुर्यो केली असती तरी परवडलं असतं.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता स्वप्निलच्या घरी गेली. तो फाटकाशी सायकल पुसत होता.

"माझ्या कामात काय कच्चं आहे ते सांग," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? मी त्या वर्गात परत येणार नाय."

"नको येऊस. पण आज तू मागच्या बाकावर हसलास. कशाला हसलास ते सांग."

त्याने फडकं सायकलवर टाकलं. "वरच्या ओळीत बोंबील कोण लावतं?"

"मी. पेटीवर चढून."

"आणि मोठे कुठे लावतेस?"

"मोठे जड असतात. ते आई खालीच..." ती बोलता बोलता थांबली.

"मग बारका मासा लवकर सुकणारच ना! त्यात वाऱ्याचं काय? एवढं पण कळलं नाय तुला?" स्वप्निल चिडून बोलत होता. मनात साठलेलं सगळं त्याने ओकून टाकलं, मग सायकल आत घेतली आणि फाटक लावलं. तिला आत ये म्हणाला नाही, पाणीही विचारलं नाही.

ऋतिका रस्त्याच्या कडेने घरी निघाली. शेजारून ट्रेलर धूळ उडवत जात होते. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी पाय भराभर उचलत होते.

तिने सगळं पुन्हा केलं. दोन्ही ओळींत सारख्या आकाराचे मासे निवडून लावले. या वेळी वरच्या आणि खालच्या ओळींत नावापुरताच फरक निघाला. मॅडमचा चेहरा उजळला. "अंदाज चुकला, हेच ठळक लिही. आणि चूक कोणी दाखवली त्याचं नावही लिही." तिने लिहिलं. स्वप्निलला ते कळलं असावं, कारण पुढे दोनतीनदा जिन्यावर समोर आला तेव्हा तो तिच्याकडे बघायचा. बोलायचा मात्र नाही.

घरी आईने विचारलं, "मंग काय झाला तुझ्या बोंबलांचा?"

"माझा अंदाज खोटा ठरला."

"आगो बाय! येवढी मेहनत फुकट गेली?"

"फुकट नाही गं," ऋतिका म्हणाली. आईने तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि ती पाट्या उचलून बाजाराला निघाली. ऋतिका ओट्यावर बसून राहिली. खरं काय ते कळल्याचा आनंद तर झाला होता, पण तो कोणाला सांगावा, असं वाड्यात तिला कोणी आठवेना.