जोर लावायचा नाही

शेवगावहून नगरला जाणाऱ्या एस्टीत ती माझ्या शेजारी बसली होती. पोट आठव्या महिन्याचं, डोळे पिवळसर. पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे हात न्यायची आणि चटका बसल्यासारखा मागं घ्यायची. मला चौकशा करायची खोड, म्हणून विचारलं.

"लिव्हरच्या शिरंत रगताची गाठ हाय, ताई. त्यानं घशाखालच्या शिरा फुगल्यात. डॉक्टर म्हनले, कळा आल्या तरी जोर लावायचा न्हाई, शिरा फुटत्याल."

बाहेर उसाचा ट्रक दिसला, तशी ती पुन्हा बोलली. "मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची मी. तवा कुनी म्हनलं न्हाई, जोर लावू नको."

नगरला तिनं पिशवी मला उतरवायला सांगितली. आत नुसतं एक झबलं होतं.