टिकलीमागचा डिंक

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तिनेच दिलेलं कुंकू तपासत होते. वडील एवढंच म्हणाले, "तुझी आत्या गेली. ये." सकाळी गोठा झाडताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी घरी पोचले तर बायका तिला हिरवी साडी नेसवून तिचं कपाळ कुंकवाने भरत होत्या. नवरा हयात, म्हणून ती सवाष्ण. त्या नवऱ्याने तिला तान्ह्या लेकीसह माहेरी आणून सोडलं, ते मला कळू लागायच्याही आधी. तो आला नाही. कपाळावरचा पांढरा डाग कुंकवाखाली पार झाकला गेला. कुणीतरी म्हणालं, "नशीब काढलं बाईनं." मला तिथे बसवेना...

तो डाग आधी टिकलीएवढाच होता. लग्नानंतर आत्या चिकटवायची टिकली लावू लागली. तिथे खाज सुटली, मग तेवढीच गोल कातडी पांढरी पडली. सासरचे म्हणाले, कोड आहे. पुढे एका शिबिरात त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने झालंय, लेकीत उतरणारं नाही. आत्या ते ज्याला त्याला सांगत राहिली, पण सांगणारी ती स्वतःच, मग ऐकणार कोण? गेल्या वर्षी तिच्या लेकीला, सोनाताईला, बघायला पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. नंतर निरोप आला, आईचं पोरीत उतरलं तर?

म्हणून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, रोजच्या वापरातल्या वस्तूंमधले घातक पदार्थ शोधा, असं प्रोजेक्टसाठी सांगितलं, तेव्हा मी भीतभीत टिकलीच्या डिंकाचं नाव काढलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरी सांगितलं तशी आत्या चुलीपुढून म्हणाली, "बघा, आमची सायंटिस आली. कपाळ माझं अन् परीक्षा हिची." मग हसू ओसरलं तशी हळूच म्हणाली, "तेवढं लिहून दे गं. तोंडानं सांगून लई दमले मी."

पण आमच्या मॅडम म्हणाल्या, ते रसायन शोधायचं यंत्र आपल्याकडे नाही. पुण्याला ओळख आहे, विचारता येईल, पण त्या वेळच्या टिकल्या तरी हव्यात. तोवर तू कुंकवातलं शिसं घे, ते इथे तपासता येतं. आत्याला विचारलं तर ते पाकीट कधीच उकिरड्यात गेलं होतं. मी कुंकू निवडलं. तिला तसं सांगितलं. तिने डबीतलं कुंकू पुडीत बांधून दिलं आणि विचारलं, "तुमच्या मशिनीत जे घावतं, तेवढंच वाईट असतंय व्हय?" रागाने नाही विचारलं.

त्या कुंकवात शिसं निघालं नाही. तिला ते सांगायचं राहिलं.

तेराव्यानंतर सोनाताईने आईची ट्रंक उघडली. तळाशी लग्नातला आरसा होता, पालथा ठेवलेला. आत्या कायम चाचपूनच कुंकू लावायची, तिच्यापुढे आरसा मी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या काचेवर, कडेकडेने, झोपताना काढून चिकटवलेल्या टिकल्या होत्या... काही लाल, काही मरून. मी मॅडमना फोन केला. इतक्या वर्षांनी डिंकात काही उरलं असेल याची खात्री नाही, पण घेऊन ये, असं त्या म्हणाल्या.

ब्लेड घेऊन बसले आणि परत खाली ठेवलं. डाग पडायच्या आधी तिने आपल्या बोटांनी लावलेल्या होत्या त्या. नवी नवरी असेल तेव्हा. सोनाताईला म्हटलं, आता आत्याचा डाग कुणाला दिसणार नाही, तुझ्या लग्नाचं बघायला हे तपासणं लागेलच असं नाही, राहू दे का?

"लग्नासाठी न्हाई," ती म्हणाली. "आई खोटं बोलत न्हवती, एवढंच. काढ."

टिकल्या आता बाटलीत आहेत, पुण्याला कधी जातील ठाऊक नाही. आरसा सोनाताईने खिडकीत उभा केलाय. काचेवर डिंकाचे गोल राहिलेत. परवा ती फडकं घेऊन पुसायला गेली, तेव्हा मी तिला थांबवलं. टिकल्या पुरल्या नाहीत, तर तेही लागतील.