चला, नवीन मॅच

हरायचंच असेल तर एवढ्या लांब धुळ्याला कशाला जायचं? इथंच हरू ना!

हा प्रश्न मी माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे आमच्या भाऊला, दर टुर्नामेंटला विचारला. टीमला नेणारी मालवाहू गाडी मी चालवायचो, तर विचारायचा हक्कही माझाच. तो शेजारी बसून हातमोज्यांची शिवण बघत राहायचा. उत्तर कधी दिलं नाही. आता देणारही नाही. दीड महिना झाला त्याला जाऊन. मला घरात बसवत नाही, गाडीत बसवत नाही. कुणी भेटलं की त्याचा एक किस्सा सांगतो, तो संपायच्या आत दुसरा आठवतो. जिंकणाऱ्यांकडे कप साठतात, आमच्याकडे हेच साठलंय.

*

आमचा फुटबॉल क्लब केळीबाग इलेव्हन. दीपनगरच्या अलीकडे, केळीच्या बागेला लागून ग्राउंड. शॉट चुकला की बॉल बागेत. अर्धी प्रॅक्टिस बॉल शोधण्यात जायची. त्यामुळे आमची पोरं पळण्यात एक नंबर, गोल मारण्यात कच्ची! भाऊ एकोणीस वर्षं गोलकीपर. कुठंही गेलो की समोरची टीम ओरडायची, "केळी आली रे, सोला!"

*

गोल झाला की जाळीतला बॉल कोणीही काढतं. आमच्याकडे नाही. भाऊचा नियम होता, ज्यानं आत जाऊ दिला त्यानंच काढायचा. तो जाळीत जायचा, बॉल उचलायचा, शर्टाला पुसायचा आणि चालत जाऊन स्वतः मैदानाच्या मधोमध ठेवायचा. मग म्हणायचा, "चला, नवीन मॅच."

एकदा धुळ्यात नऊ गोल खाल्ले. म्हणजे त्या दिवशी आम्ही दहा मॅच खेळलो!

*

त्याच मॅचला गोलच्या मागं एक म्हातारे आबा बसले होते. धोतर, टोपी, पुडीत फुटाणे. सहाव्या गोलला त्यांना राहवलं नाही. ओरडले, "हाऊ गोलकीपर शे का लगीनना यजमान? बठ्ठासले आत बोलावस!"

सगळ्यांना आत बोलावणारा लग्नाचा यजमान म्हटल्यावर सगळं ग्राउंड हसलं. मी गाडीवरून उडी मारून आबांकडे निघालो होतो. भाऊनं हातानंच मला थांबवलं आणि जाळीतून बॉल काढता काढता म्हणाला, "तुम्ही पण या आबा, पंगत चालू आहे!"

आबांनी त्याला फुटाणे दिले. पुढच्या वर्षीही दिले.

*

माझं डोकं पहिल्यापासून गरम. नववीत शाळा सुटली तीही या डोक्यापायी. एकदा आमच्याच ग्राउंडवर रेफ्रीनं एक गोल दिला, मला पटला नाही. मी आत घुसलो, त्याची शिट्टी हिसकावली आणि केळीत फेकली!

मॅच थांबली. भाऊ दोन्ही टीम घेऊन बागेत शिरला. अर्धा तास बावीस माणसं वाकून शिट्टी शोधत होती. शेवटी त्यालाच सापडली. नळावर धुऊन रेफ्रीला परत दिली आणि म्हणाला, "साहेब, गोल बरोबर होता. वाजवा."

*

जळगावच्या एका मोठ्या क्लबनं भाऊला बोलावलं. नवे बूट, ट्रॅकसूट, मॅचनंतर जेवण. मीच मागं लागलो, "जा भाऊ. एकदा कप हातात धरून तर बघ."

एका मॅचपुरता गेला. समोर टीम कोणाची? आमचीच! आमच्यात गोल मारू शकणारा एकच, राजू. तो एकटा बॉल घेऊन भाऊसमोर आला. मारला. भाऊनं आरामात धरला. ते जिंकले.

ट्रॅकसूट घडी करून परत दिला आणि भाऊ येऊन आमच्याच गाडीत बसला. घर येईपर्यंत राजूला झापत होता. "डावीकडे मारायचा ना, येड्या! मला डावीकडचा जमत नाही हे तुला माहीत नाही, तर कोणाला माहीत?"

*

मग कावीळ झाली. साधी वाटली होती. वीस दिवस दवाखान्यात.

शेवटच्या रविवारी टीम त्याच्याविना खेळली, आठ गोल खाऊन आली. मला सांगवेना. मी म्हणालो, "भाऊ, जिंकलो! दोन-एक!"

दोन दिवस पाणीसुद्धा नको म्हणणारा माणूस, सलाईनसकट उठून बसला. "कोणी मारले?"

"एक राजूनं."

"आणि दुसरा?"

मी पंख्याकडे बघितलं. आई खिडकीकडे बघायला लागली.

"दुसरा आपल्याकडे आहे कोण?" असं म्हणून तो एवढा हसला की नर्स धावत आली.

गुरुवारी गेला.

*

तेरावं झालं. पोरं अंगणात बसली होती. राजू म्हणाला, "गोलकीपरच नाही. धुळ्याला नाही म्हणून कळवतो. क्लब पण बंद करू."

सगळ्यांना तेच म्हणायचं होतं. मी आत गेलो, खुंटीवरचा भाऊचा शर्ट आणि हातमोजे घेतले आणि म्हणालो, "रविवारी सहाला गाडी निघेल."

"तू कधी खेळलायस का?" राजूनं विचारलं.

"नाही."

धुळ्यात आबा तिथंच बसले होते. मला बघून म्हणाले, "यजमान नही उना का?"

"नाही आला आबा, मी त्याचा भाऊ," म्हणालो. त्यांनी हातमोज्यांकडे बघितलं. मग फुटाण्यांची पुडी उघडली नाही.

पहिला गोल डावीकडून गेला. राजू बॉल आणायला पळत आला. मी ओरडलो, "हात लावू नको!"

सहा वेळा आत गेलो, सहा वेळा काढला, पुसला, मधोमध नेऊन ठेवला. सातवा गेला आणि लगेच लांब शिट्टी वाजली. दोन्ही टीम हात मिळवायला लागल्या. मी जाळीत गेलो. बॉल उचलला, भाऊच्या शर्टाला पुसला आणि चालत निघालो.

"अरे, मॅच संपली," रेफ्री म्हणाला.

मी बॉल मधोमध ठेवला.