बारशाच्या दुपारी वन्सं आल्या

दुपारची जेवणं उरकली आहेत. संध्याकाळी नातीचं बारसं. बाहेर ओटीवर बायका पाळण्याला फुलं बांधतायत आणि एकमेकींच्या अंगावर पडून खिदळतायत. मी कानांत कापूस घालून आतल्या खोलीत आडवी झाले आहे. "आईंची कंबर धरलीय," असं सून शर्वरीनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझ्या कंबरेला काही धाड भरलेली नाही.

आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, कुंची चढवतात आणि पाळण्याखालून फिरवतात. मग बाळाची पाळी. घरातली थोरली बाई अलीकडून देते, दुसरी पलीकडून घेते. थोरली मी. आणि पोर जन्मल्यापासून मी तिला हात लावलेला नाही. जवळ गेले की डोळ्यांपुढं चित्र येतं, माझ्या हातून पोर निसटली, फरशीवर पडली. नुसतं वाटणं नव्हे, घडून गेल्यासारखं दिसतं. मग पाठोपाठ बाकीचं सुरू होतं, ही आली कुठून, मी जाणार कुठं, हे सगळं आहेच कशाला. एकदा चरक फिरायला लागला की माझ्यानं थांबत नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजी, तुम्ही स्वमग्न आहात, जन्मापासूनच्या. म्हणजे सत्तरीला माझं दुसऱ्यांदा बारसं झालं. नाव बरं आहे. लोक आजवर विक्षिप्त म्हणायचे, त्यापेक्षा बरंच.

पापण्या जड होतायत. बायकांचा गलका कापसातून येतो, मग पाण्याखालून आल्यासारखा येतो, मग येईनासा होतो, आणि मी पिठाच्या गिरणीत उभी आहे. पट्टा फिरतोय, पीठ पडतंय, पण आवाज म्हणून नाही. समोर पालथ्या डब्यावर माझ्या थोरल्या नणंद, द्वारकावन्सं, बसल्या आहेत. त्यांना जाऊन तिसरं वर्ष चालू आहे.

"भामा, अंगानं सुटलीस गं."

"तुम्ही वाळलात."

"मेल्यावर वाळू नको तर काय करू?"

लग्न होऊन आले तेव्हा गिरणीच्या आवाजानं मी डोकं धरून रस्त्यातच बसायची. सासूबाई म्हणायच्या, सोंगं आहेत. वन्संनी माझ्या हातातला दळणाचा डबा घेतला, तो शेवटपर्यंत परत दिला नाही. या घरात मला विचारल्याशिवाय मांजर दुधाकडं बघत नाही, पण मला न विचारता माझं ओझं उचलायचा हक्क एकट्या त्यांचा. आता पीठ घरपोच येतं. वन्सं येत नाहीत.

"घरी चला," मी म्हणते. "चहा टाकते."

"तुझा चहा? पाहुण्यानं परत येऊ नये म्हणून करतेस तो?"

तरी उठतात. गिरणीच्या दारातून बाहेर पडतो तर एसटी स्टँड. गाड्या उभ्या आहेत, पाट्या कोऱ्या. बाकावर आम्ही बसलोय आणि वन्संच्या मांडीवर कुंचीत काहीतरी गुंडाळलेलं आहे.

"वन्सं, तिकडं काय असतं?"

"कुठं?"

"मेल्यावर."

"मला कुणी अजून पाणीसुद्धा विचारलं नाही, काय असतं ते कोण सांगतंय!"

"चेष्टा नको. विचार सोडत नाही मला."

"तो एक तरी सोडत नाही. बाकीचे तुला बघून वाट बदलतात." मग कुंची पुढं करतात. "धर."

"वरवंटाच आहे ना?"

"धरून बघ की."

हातात येतं ते ऊबदार आहे. हलतंय. मी उठून उभी राहते तर पायाखाली फलाट नाही, नदीच्या घाटाच्या पायऱ्या आहेत, ओल्या, शेवाळलेल्या. लगेच चित्र येतं. पोर निसटते, पायरीवर आपटते, पाण्यात जाते.

"घ्या हिला! वन्सं, मी टाकीन हिला!"

"कोण म्हणतं?"

"मन म्हणतं."

"आणि हात?"

मी खाली बघते. हात पोरीभोवती घट्ट आहेत. चित्र पुन्हा येतं. हात आणखी घट्ट होतात.

"मनाला बडबडायची खोड आहे," वन्सं म्हणतात. "अख्ख्या घराला गप्प करतेस, त्याला करता आलं का? नाही यायचं. बडबडू दे मेल्याला."

"आणि एखाद्या वेळी हातांनी ऐकलं त्याचं, तर?"

"तुला हमी पाहिजे. मला जित्तेपणी कुणी दिली नाही, तुला कुठून देऊ?"

पोरीनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलंय. वन्सं पायऱ्या उतरायला लागल्यात. लुगड्याचा काठ पाण्यावर पसरतो, भिजत नाही.

"थांबा ना. घरपोच पीठ जाडंभरडं येतं. आणणाऱ्याला काही सांगता येत नाही मला."

"भांड त्याच्याशी. एवढं तरी येतं तुला."

"वन्सं, खरंच थांबा हो."

त्या वळत नाहीत. पाणी कंबरेपर्यंत आलंय. तिथून ओरडतात, "मान धर तिची! मान!"

"आई, उठता ना?"

शर्वरी दारात उभी आहे. बाहेर बायकांनी पाळणा म्हणायला घेतलाय. मी उठून बसते. खांद्यावर पदर गार लागतो. घाम म्हणावं तर बाकी पदर कोरडा, तेवढीच जागा ओली, तळहाताएवढी. नाकाशी धरते. आंबूस दूध. तान्ह्यानं ओकारी काढल्यावर येतो तसा वास.

शर्वरी चाचरते. "आई, तुम्हाला नको वाटत असेल तर काकू देतील बाळाला. कुणी काही म्हणणार नाही." काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ.

चित्र आलंय. माझ्याआधी उठून बसलंय ते.

"काकूला म्हणावं, तू पलीकडून घे," मी म्हणते. "देणार मी."

ती माझ्या खांद्याकडं बघते. "पदर ओला झालाय. दुसरी साडी काढू?"

"हात लावू नकोस त्याला," मी म्हणते, आणि पाळण्याकडं निघते.