मावशी गप्प राहिली तेव्हा

माझी मावशी फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारते. ती फळीवर उभी राहून बोलायला लागली की मधे तोंड घालायची कुणाची टाप नाही. घरीही तेच. काका म्हणतात, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक वाक्य अजून पूर्ण व्हायचंय."

अशा बाईला दमा जडावा! तोही फुलांच्या परागांनी चाळवणारा. छातीत शिट्टी वाजू लागली की ती पंप काढायची, तोंडात फवारा मारायची आणि लगेच पुढची बोली पुकारायची. औषध आत कमी, हवेत जास्त. वर पंपालाच नावं ठेवायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला परोपरीनं समजावलं. "श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू पिशवीच्या नाडीसारखे आवळतात. हे औषध त्यांना सैल करतं, मग हवेला वाट मिळते. पण ते आत पोचायला हवं ना! फवाऱ्याबरोबर हळू, खोल श्वास घ्या आणि दहा आकडे होईपर्यंत तोंड बंद. जमेल?"

"नाही," मावशी प्रामाणिकपणे म्हणाली.

नुसता हट्ट नव्हता तो. आमच्या बाजाराचा नियमच असा, की पुकारणारी थांबली की शेवटची बोली पक्की. ती गप्प बसली तर कुणाचा तरी माल मातीमोल जाणार. त्यात बाजार समितीच्या अध्यक्षांनी बजावून ठेवलेलं: दम्यापायी पुन्हा लिलाव अडला तर मावशी कचेरीत, खुर्चीवर. तिच्या लेखी ती जन्मठेपच.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या माळीणबाईंचा निशिगंध लिलावाला होता. पहिलीच बोली कवडीमोल आली, आणि ती लावणारा कोण, तर चिक्कूशेठ. तेवढ्यात मावशीचे शब्द तुटायला लागले.

"मावशी, फवारा घे आणि गप्प राहा!" निशिगंधाच्या जुड्या हातात धरून मी फळीखालून ओरडले.

तिनं माळीणबाईंकडे पाहिलं. ऐकणार नाही, असंच मला वाटलं. पण तिनं फवारा आत ओढला आणि ओठ मिटले.

बाजार चिडीचूप झाला. चिक्कूशेठला निशिगंध जवळजवळ फुकटात मिळत होता.

"थांबा," तो म्हणाला. "माझ्या बोलीवर माझीच वाढीव बोली."

"शेठ, स्वतःवरच चढवताय?" अध्यक्ष चकित झाले.

"पैसे माझे आहेत. तुम्ही बाईंना श्वास घेऊ द्या."

मग एका गुच्छवाल्यानं बोली चढवली, त्यावर पुन्हा शेठनं. मावशीनं जरा थांबून दुसरा फवारा घेतला, तरी कुणी बोली थांबू देईना. काही मिनिटांत तिच्या छातीतली शिट्टी विरली. हात जरा थरथरत होते, पण या औषधानं थोडा वेळ तसं होतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.

"लिलाव कुठे अडलाय?" अध्यक्ष स्वतःशीच पुटपुटले.

मावशीनं छाती भरून श्वास घेतला. मला इतका आनंद झाला की हातातल्या जुड्या टाकून मी तिला मिठीच मारली. तिनं मला बाजूला सारलं, चिक्कूशेठकडे पाहिलं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय शेठ, एवढ्यावरच थांबताय?"